कापसाच्या काट्यावर वहिनी

आमच्या गावात कोणी कोणावर सहजी विश्वास ठेवत नाही, आणि या गोष्टीचा आम्हाला कोण अभिमान आहे! बियाण्याचं पाकीट घेताना आम्ही ते कानाशी धरून हलवतो, शिवण नखाने खरवडून पाहतो आणि दुकानदाराच्या डोळ्यांत डोळे घालून विचारतो, "तुमच्या सोताच्या वावरात हेच लावलं का?" सोयाबीन दाताखाली फोडल्याशिवाय ते वाळलं की नाही यावर आम्ही मत देत नाही. विमा विकायला आलेल्या माणसाला आधी त्याचं गाव, मग त्याची सासुरवाडी, मग सासुरवाडीचा सरपंच कोण हे विचारून असा घाम फोडतो की तो पाणी पिऊन परत जातो. पाहुण्याने नुसतं "काय भाऊ, तब्येत मस्त दिसून राह्यली" म्हटलं तरी हा काय मागायला आलाय, हा विचार आमच्या डोक्यात सुरू होतो.

अशा या गावात एका सकाळी मोबाइलमधल्या एका माणसाने सांगितलं की भाकर म्हणजे हळूहळू चढणारं विष आहे. आणि दिवेलागणीच्या आत आमच्या वहिनीने ज्वारीच्या पिठाचा डबा माळ्यावर टाकायला लावला. मलाच. स्टुलावर चढून.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. बोरी अरबच्या बाजारापासून जवळच आमचं गाव. तिथे एकाच अंगणात दोन भावांच्या दोन चुली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून कापसाच्या वेचणीची सगळी फौज तिच्या हाताखाली. कोणत्या बाईने कोणती ओळ धरायची, कोणाच्या ओटीत कापसापेक्षा पाला जास्त आहे, हे ती बांधावरून ओरडून सांगायची आणि तिचा आवाज नाल्याच्या पलीकडे जायचा. पण गेल्या काही वर्षांत तिचे गुडघे गेले. पायरी उतरताना ती आडवी होऊन उतरायची, खेकड्यासारखी, आणि कोणी पाहत असेल तर मुद्दाम थांबून पदर सारखा करायची. वावर नाल्यापलीकडे. चालवत नाही, आणि बैलबंडीत बसलं की प्रत्येक धोंड्यागणिक जीव जातो. स्वतःच्या कपाशीला बोंड कसं धरलंय हे तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं. ते तिला गुडघ्यांपेक्षा जास्त दुखायचं.

दसरा झाल्यावर दादाने आणि मी तिला यवतमाळला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरला, मान हलवली आणि सांगितलं, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करावं लागेल. पण आधी वजन उतरलं पाहिजे आणि साखर ताब्यात आली पाहिजे. वहिनीला त्याने काट्यावर उभं केलं, आकडा कागदावर लिहिला आणि म्हणाला, "संक्रांत झाली की या मावशी. तोवर हे दोन्ही जमलं तर तारीख देतो. नाही जमलं तर नाही."

सोबत खाण्यापिण्याचा एक कागद दिला. अर्धी भाकर, वाटीभर वरण, पालेभाजी भरपूर, तेल कमी, खुर्चीवर बसून पाय हलवायचे, साखरेच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. मी तो कागद घरी मोठ्याने वाचून दाखवला. आवाजात चढउतार केले, मधे दम घेतला, हात उंचावला. पण खरं सांगतो, त्या कागदात नाट्यच नव्हतं. कोणी खलनायक नाही, कसलं गुपित नाही. वहिनीने जांभई दिली.

आणि मग रंगमंचावर गुरू आला.

त्याला आणलं वहिनीच्या मैत्रिणीने. ही शेजारच्या बंजारा तांड्यावरची. घरात गोर बोली, बाहेर आमच्यापेक्षा झणझणीत वऱ्हाडी. ती मोबाइल छातीशी धरून आली. पडद्यावर पांढऱ्या सदऱ्यातला एक सडपातळ माणूस, मागे हिरवीगार झाडं, कुठेतरी बासरी. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत!'

वहिनीने कपाळावर हात मारला. "पाहा भाऊजी! माह्या डॉक्टरनं खरंच नाही सांगितलं!"

बियाण्याच्या पाकिटाची शिवण खरवडणाऱ्या या बाईने गुरूची पारख कशी केली, तेही सांगतो. तो 'माझ्या माउलींनो' म्हणाला, म्हणून तो संस्कारी. त्याच्या आईचेही गुडघे दुखत होते, म्हणून तो आपल्यातला. खाली हजारो लोकांनी हात जोडले होते, म्हणून तो खरा. आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे फोटो. एका बाईचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. मी चष्मा लावून पाहिले. आधीच्या फोटोत ती बाई सावलीत, विस्कटलेल्या केसांनी, नुकतीच सासूशी भांडून आल्यासारखी उभी. नंतरच्या फोटोत ऊन, नवी साडी, गजरा.

"वहिनी, ही बारीक नाही झाली. हिले कोणीतरी साडी घेऊन देल्ली."

"तुम्हाले नाही समजत त्यातलं."

दादाने लांबूनच एकदा पडद्याकडे पाहिलं. माझा भाऊ काडीसारखा आणि अबोल. दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलणारा प्रत्येक माणूस त्याला चोर वाटतो, मीसुद्धा. तो एवढंच म्हणाला, "हा कायले सांगून राह्यला? त्याले काय भेटते?" आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

त्याला काय भेटते ते लवकरच कळलं. गुरूची पावडर होती. डबा दारव्ह्याहून आला, चकचकीत, चॉकलेटच्या चवीचा, सोबत खाण्याचा तक्ता. धान्य बंद, डाळ बंद. तुरीच्या मुलखात तुरीची डाळ बंद! त्याऐवजी चहात तूप, खोबरं, शेंगदाणे हवे तेवढे, आणि सकाळ-संध्याकाळ पावडर. वहिनी खूष. इतकी गोड तपश्चर्या तिने आयुष्यात केली नव्हती.

माझा संशय मात्र जागा झाला, आणि मला संशय आला की मला नाटक सुचतं. मी गुरूच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादा बनून शिरलो. लिहिलं, 'मी फार बारीक आहे, जेवण जात नाही, अंगावर मांस धरत नाही, वजन वाढवायचं आहे.' उत्तर झटकन आलं. तोच तक्ता. तेच तूप, तेच खोबरं, तीच पावडर. फक्त शेवटी 'थोडी जास्त घ्या' असं लिहिलेलं.

मी अंगणात सगळ्यांना गोळा केलं. एका हातात वहिनीचा तक्ता, दुसऱ्या हातात दादाचा. आधी एक वाचला, मग दुसरा, मग घसा खाकरून जाहीर केलं, "जाड्याले आन बारक्याले एकच औषध! आता बोला!"

वहिनी शेंगदाणे खात होती. तिने दोन शेंगदाणे तोंडात टाकले, चावले आणि शांतपणे म्हणाली, "मंग बरोबरच आहे. तुळशीचं पान विचारते का, तू जाडा का बारीक म्हणून?"

मैत्रीण टाळी देऊन हसली. माझा खटला तिथेच फेटाळला गेला. "आन काट्याचं काय?" वहिनीने वर विचारलं. "काटा काय गुरूचा मेहुणा आहे?"

आता काट्याबद्दल सांगायला हवं.

हंगामात आमच्या गावात बस थांब्याजवळ एक व्यापारी शेड टाकून कापूस घेतो. गोड बोलणारा, कपाळाला टिळा, प्रत्येक बाईला काकू म्हणणारा. त्याच्या शेडमध्ये दोन काटे. दारातल्या मोठ्या काट्यावर तो आमचा कापूस घेतो. आतल्या काट्यावर तो आम्हाला जनावरांची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, विकतो. हा माणूस काटा मारतो, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून प्रत्येक जण घरून वजन करून निघतो, शेडवर आकडा ऐकून भांडतो, व्यापारी म्हणतो "ओल आहे ना भाऊ कापसात", आपण म्हणतो "ओल तुह्या डोळ्यात आहे", आणि अर्ध्यावर तोडून पैसे घेऊन येतो. सगळा गाव पिढ्यान्पिढ्या या खेळात तरबेज.

तर पावडर सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वहिनी बाजाराला जाताना गंमत म्हणून दारातल्या काट्यावर चढली. आकडा पाहून किंचाळली. डॉक्टरने लिहून दिलेल्या आकड्यापेक्षा पाच किलो कमी! पडद्यावरच्या बाईलासुद्धा एका आठवड्यात एवढं जमलं नव्हतं.

मग काय! दर बाजाराला काट्याची वारी. मैत्रीण चढली. तिचंही कमी. कापसाच्या गाठी घेऊन आलेल्या बाया चढल्या. ज्यांनी पावडर घेतलीच नव्हती त्यांचंही कमी भरलं. त्यांनी ठरवलं की नुसते व्हिडिओ पाहूनही फरक पडतो. एकदा एक बाई गर्दी टाळून आतल्या, ढेपेच्या काट्यावर चढली आणि तोंड पाडून बाहेर आली. त्यावर गुरूचा गुण येईना. सगळ्यांनी एकमताने ठरवलं, ढेपेचा काटा जुना आहे, बिघडला असेल. पुन्हा त्यावर कोणी पाय ठेवला नाही.

व्यापाऱ्याचा चेहरा मला आजही दिसतो. बाया काट्यावर टाळ्या वाजवायच्या आणि तो हसायचा, पण ते हसू ओठाच्या एका कोपऱ्यात अडकलेलं. "काकू, एवढं मनावर नका घेऊ वजनाचं," तो म्हणायचा. मला वाटलं, किती विनयशील माणूस!

पुढे कापसाची आवक वाढली, रस्त्यावर बंड्यांची रांग लागली, आणि वहिनीचं वजन आणखी उतरलं.

इथे मी गुप्तहेर झालो. कारण काही जुळत नव्हतं. माझ्या बायकोने चुलीपुढे हळूच सांगितलं होतं, "वहिनींचं ब्लाऊज तर तेवढंच तंग आहे." मग किलो गेले कुठून? मी वहिनीवर पाळत ठेवली. काट्यावर चढताना ती एक पाय जमिनीला टेकवते का? नाही. जड साडी सोडून हलकी नेसते का? नाही, उलट त्या दिवशी ती काठापदराची नेसायची, लोक पाहतात म्हणून. मी दादावर संशय घेतला, मैत्रिणीवर घेतला, एकदा तर माझ्या स्वतःच्या चष्म्यावर घेतला. काट्यावर घेतला नाही.

"आधी आतून उतरते," वहिनी मला समजावायची. "मंग बाहेरून. गुरूजी म्हणतेत."

"आन तुम्ही दिवसभर पानी पिऊन राह्यल्या, रात्री चार वेळा उठून राह्यल्या, ते?"

"आतला कचरा निघून राह्यला तो."

आमच्या वावरातली वेचणी यंदा उशिरा सुरू झाली. तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे वावरात सीतादही केली. पहिला कापूस घरी आणण्याआधी कपाशीच्या ओळीत पाच झाडांना दहीभात दाखवायचा, चारी दिशांना उडवायचा, मग सगळ्यांनी खायचा. इतकी वर्षं हे वहिनीच्याच हातचं. या वेळी ती घरी बसली होती, म्हणून दादाने तिचा वाटा पळसाच्या पानात बांधून आणला आणि तिच्यासमोर ठेवला.

"भात हाय तो," वहिनी म्हणाली. "मले चालत नाही."

"सीतादहीचा हाय."

"भातच ना पण?"

दादा तिथेच उकिडवा बसला आणि तो दहीभात एकटाच खाऊन टाकला, पान चाटूनपुसून.

त्यानंतर काही दिवसांनी गुरूने नवा व्हिडिओ टाकला. ज्यांचं वजन उतरतंय त्यांनी आता गोळ्यांना निरोप द्यायची तयारी करावी, असं तो बासरीच्या सुरात म्हणाला. मी थेट वहिनीला विचारलं, "साखरेच्या गोळ्या चालू हायेत ना?"

"मी कायले बंद करू?" ती म्हणाली. पण माझ्याकडे पाहिलं नाही. शेंगदाण्याची टरफलं गोळा करत राहिली.

संक्रांत झाली. आम्ही तिघं यवतमाळला निघालो. वहिनीने काठापदराची नेसली होती आणि गाडीत ती ऑपरेशननंतर आधी कोणत्या वावरात जायचं ते ठरवत होती. दवाखान्यात ती नवरीसारखी काट्यावर चढली.

डॉक्टरने आकडा पाहिला. जुना कागद पाहिला. पुन्हा आकडा पाहिला.

"मावशी, वजन तेवढंच आहे."

"तुमचा काटा बिघडला," वहिनी म्हणाली. एक क्षणही न थांबता.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. साखर आधीपेक्षा वर. डॉक्टर खुर्चीत मागे टेकला. "तुम्ही म्हणता वजन उतरलं. कुठे मोजलं?"

"आमच्या गावात. कापसाच्या काट्यावर."

डॉक्टर पुसदकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. त्याचा पेन हवेतच थांबला. "कापूस घेणाऱ्याच्या काट्यावर?"

"व्हय."

"आणि तुम्ही कापूसवाले?"

मी वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो आकडा तिच्या डोक्यात कुठून कसा फिरतोय ते मला दिसत होतं. बंडीतून, गाठीतून, ओल आहे ना भाऊ मधून, दारातल्या काट्यावरून थेट तिच्या काठापदराच्या साडीपर्यंत. आणि तेवढ्यात मागून एक विचित्र आवाज आला. माझा भाऊ हसत होता. तोंडावर गमछा दाबून, खांदे हलवत. इतक्या वर्षांत मी त्याला असा हसताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टर मात्र हसला नाही. त्याने विचारलं, "गोळ्या?"

वहिनीने बांगड्या फिरवल्या. "अर्धी घेत होती. मोडून."

"कोणी सांगितलं?"

दादाचं हसणं थांबलं.

"मावशी, अशा साखरेत मी चिरा मारला तर जखम भरणार नाही. पाय बरा करायला याल आणि पाय घालवून बसाल. तारीख आज देत नाही. पूर्ण गोळी, मी दिलेला कागद, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला या. तो डबा बंद."

परतीच्या वाटेवर वहिनी बोटांवर काहीतरी मोजत होती. बोरी मागे पडली, आमच्या गावचा फाटा आला, तरी मोजतच होती. बस थांब्याजवळ आल्यावर तिने पुढच्या सीटवर हात आपटला. "थांबवा. शेडवर घ्या."

शेडसमोर कापसाच्या बंड्या उभ्या. मैत्रीण तिच्या घरच्या गाठी घेऊन आलेली. वहिनी आडवी होऊन गाडीतून उतरली, सगळ्यांच्या देखत, पदर सारखा करायला थांबली नाही, आणि दारातल्या काट्यावर जाऊन उभी राहिली.

"शेठ, वाच किती."

व्यापाऱ्याने हसत वाचलं.

"आता तुह्या ढेपेच्या काट्यावर." ती आत गेली. मागे गर्दी गेली. "वाच."

त्याने वाचलं नाही. मैत्रिणीने वाचलं. "याडी!" ती ओरडली. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई.

"शेठ," वहिनी म्हणाली, आणि नाल्यापलीकडे जाणारा तो आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला, "दारातून इथवर येईपर्यंत मी असं काय खाल्लं रे, का एवढी वाढली?"

"काकू, ते मशीन आहे, थंडीच्या दिवसांत ओलाव्यानं..."

"मंग माह्या अंगात ओल हाय का? ओल धरून कापलं का माहं वजन?"

बंडीवरचे लोक हसून लोळायला लागले. व्यापारी पुरता अडकला होता. एक तर त्याने म्हणायचं की आतला काटा जड आहे, म्हणजे ढेपेत खोट. नाहीतर म्हणायचं की दारातला हलका आहे, म्हणजे कापसात खोट. तो टिळा पुसत राहिला. तोवर मैत्रिणीने कोणाला न विचारता आपली कापसाची गाठ उचलली आणि ढेपेच्या काट्यावर ठेवली. तिच्यामागे दुसऱ्याने ठेवली. त्या संध्याकाळी आमच्या गावात सगळा कापूस ढेपेच्या काट्यावर मोजला गेला आणि व्यापारी प्रत्येक आकड्याला पोटात दुखल्यासारखा वाकत होता. पुढे त्याने नवा काटा आणला. त्यावरही आमचा विश्वास नाही, पण ती वेगळी गोष्ट.

मला वाटलं होतं वहिनी त्या रात्री राणीसारखी मिरवेल. ती ओट्यावर बसून होती. मी शेजारी बसलो.

"भाऊजी, तो चोर हाय हे मले या घरात आली तेव्हापासून माहीत हाय," ती म्हणाली. "दरवर्षी भांडतो आपण त्याच्याशी. मंग मी चढली कशी त्याच्या काट्यावर?"

मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं. "कमी दाखवे ना मेला. म्हणून."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टुलावर चढलो आणि पिठाचा डबा खाली आला. वहिनी अर्धी भाकर खायची आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे दादा जेवून उठेपर्यंत पाहत बसायची. खुर्चीवर बसून पाय हलवायची, त्याच वेळी वेचणीच्या बायांना आवाज द्यायची. गोळी दादा स्वतः हातात द्यायचा आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायचा नाही. ती तोंड उघडून दाखवायची आणि वर शिवी द्यायची. गुरूच्या ग्रुपवर तिने बोलून एक निरोप टाकला, "गुरूजी, तुमच्या बाया कोनत्या काट्यावर मोजतेत, तेवढं सांगा जी." तिला लगेच ग्रुपमधून काढलं. मैत्रिणीने तोच प्रश्न विचारला. तिलाही काढलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही पुन्हा निघालो. बोरीत शिरल्यावर वहिनी म्हणाली, आधी सरकारी दवाखान्यात घ्या.

"कायले? डॉक्टरकडे तर जाऊनच राह्यलो."

"तो ऑपरेशन करते ना? तेच त्याचं दुकान. त्याचा काटा हलका असन तर मले आजच टेबलावर घेईन. सरकारी काट्याले मी जाडी काय आन बारीक काय!"

मी तिला नमस्कार केला. सरकारी दवाखान्यात नर्सने मोजलं, मग यवतमाळला डॉक्टरने. दोन्ही आकडे जुळले, आणि दोन्ही आधीपेक्षा कमी होते. पाच किलो नाहीत. टाळी वाजवण्यासारखे नाहीत. पण साखर ताब्यात होती. डॉक्टरने पेन उघडला आणि तारीख लिहून दिली.

आणि इथे वहिनी घाबरली. व्हरांड्यातल्या बाकावर ती तो कागद घडी घालत, उलगडत बसली. दादा औषधं आणायला गेला होता.

"भाऊजी, मोबाइल काढा. ऑपरेशन झाल्यावर बाया चालतेत कशा, ते दाखवा."

मी शोधलं. सगळ्यात वर आलेल्या व्हिडिओत एक बाई नाचत होती. दोन्ही गुडघे नवे, पायात पैंजण, मागे ढोलकी. वहिनीने ते पूर्ण पाहिलं, भुवया जवळ घेऊन, सोयाबीनचा दाणा पाहावा तसं.

"हिले दुखत कसं नाही?" तिने विचारलं आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

समोरच्या वॉर्डात एक बाई वॉकर धरून चालत होती. गुडघ्याला पट्टी, कपाळाला आठ्या, आणि मागून येणाऱ्या सुनेला ती सारखी रागावत होती, हळू काय चालते, पुढे काय पाहते. वहिनी उठली आणि आडवी आडवी तिच्यापर्यंत गेली. मी दारात थांबलो.

"बाई, दुखते का हो?"

त्या बाईने वहिनीला वरून खालपर्यंत पाहिलं. गुडघ्यांवर नजर थांबली. "लय दुखते," ती म्हणाली. "पहिले दोन दिवस तर मले वाटलं, कायले केलं मी हे. सुनेले शिव्या देल्ल्या, डॉक्टरले देल्ल्या."

"आन आता?"

ती बाई वॉकरवर रेलली. आवाज जरा खाली आणून म्हणाली, "काल संडासले एकटी गेली."

वहिनीने कोपऱ्यातलं स्टूल पायाने जवळ ओढलं आणि त्यावर बसली. कागद ब्लाऊजमध्ये खोचला.

"भाऊजी," ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "तुम्ही अन् तुमचे दादा चहा पिऊन या. आम्हाले वेळ लागन."